बाद झालं म्हणजे कुणी बाद केलं?

फवारणी होऊन दहा-बारा दिवस झालेले असतात. लांबून पाहिलं तर रान हिरवंच दिसतं, औषध लागलं की नाही काही कळत नाही. मग माणूस खाली वाकतो, रायग्रास गवताच्या एखाद्या रोपाचा मधला पोंगा चिमटीत धरतो आणि हलक्या हाताने वर ओढतो. पोंगा अलगद निघून येतो. बूड तपकिरी, मऊ, कुजलेलं. बाहेरची पानं अजून हिरवी असली तरी रोप आतून संपलेलं असतं. त्याला लागूनच उभ्या असलेल्या गव्हाचा पोंगा तसाच ओढला तर तो दाद देत नाही. फार जोर लावला तर पान तुटेल, पण बुडातून सुटणार नाही.

गहू आणि रायग्रास, दोन्ही गवतंच, एकाच कुळातली. एकाला मारायचं आणि त्याच्या चुलत भावाच्या केसालाही धक्का लावायचा नाही, हे अवघड काम करणारं तणनाशक म्हणजे डायक्लोफॉप-मिथाइल. जर्मनीतल्या हेक्स्ट कंपनीने ते १९७० च्या दशकाच्या मध्यात आणलं. होएलॉन, होएग्रास, इलोक्सान अशा नावांनी ते गहू-बार्लीच्या शेतांत फिरलं. त्याआधी १९४० च्या दशकापासून २,४-डी होतं, पण ते रुंद पानांच्या तणांवर चालायचं. रुंद पानांची तणं गेली आणि मोकळी झालेली जागा जंगली ओट आणि रायग्राससारख्या गवतांनी बळकावली. पिकासारखीच दिसणारी, पिकाबरोबरच उगवणारी गवतं. अशा वेळी आलेलं डायक्लोफॉप शेतकऱ्यांनी का उचललं हे समजावून सांगायची गरज नाही. आज मात्र त्याचं नाव निघतं ते बहुधा भूतकाळात. का, असं विचारलं तर एका शब्दात उत्तर मिळतं: कालबाह्य.

माझं भांडण या शब्दाशी आहे.

मराठीत अशा गोष्टींसाठी आपण जी क्रियापदं वापरतो ती पाहा. औषध बाद झालं. मागे पडलं. बाजारातून गेलं. सगळी अकर्मक. कुणी बाद केलं, कुणी मागे टाकलं, हे वाक्यात येतच नाही. टाइपरायटर कालबाह्य झाला म्हणताना हे चालून जातं, कारण त्याची जागा कशाने घेतली ते सगळ्यांना दिसतं. तणनाशकाचं तसं नाही. ते विषारी ठरलं म्हणून गेलं असेल, तणांनी त्याला दाद देणं बंद केलं म्हणून गेलं असेल, किंवा कुणाला ते विकणं परवडेना म्हणून गेलं असेल. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि तिन्हींवरून घ्यायचे धडे वेगवेगळे आहेत. पण तिन्हींवर झाकण एकच. जागतिक आरोग्य संघटना कीडनाशकांचं धोक्यानुसार वर्गीकरण करते. त्यात एक तक्ता ‘वापरातून गेले असावेत असे मानले जाणारे’ घटक, असा आहे. पानंच्या पानं नावं. का गेले, हा रकाना त्यात नाही. त्या तक्त्याचं ते कामही नव्हे, म्हणून संघटनेला दोष देत नाही. पण मग हे काम कुणाचं?

माझं म्हणणं असं की तणनाशकाला परवानगी देताना सरकारं जशी कागदपत्रं मागतात, तशी ते जाताना त्याच्या जाण्याचं कारण लिहून घेतलं पाहिजे आणि ते सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. मागणी साधी, कारकुनी वाटावी अशी आहे. ती का महत्त्वाची, हे डायक्लोफॉपच्याच गोष्टीतून सांगतो.

हे औषध पानातून आत शिरतं. आत गेल्यावर वनस्पती स्वतःच त्याचं आम्लात रूपांतर करते आणि खरं काम हे आम्ल करतं. पेशींना पडदे बांधायला स्निग्धाम्लं लागतात. ती तयार होण्याची पहिली पायरी ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) हाती असते त्यालाच हे आम्ल जाम करतं. नवा पडदा नाही म्हणजे नवी पेशी नाही. म्हणून सर्वांत आधी मरतो तो वाढीचा कोंब, आणि पोंगा सुटून हातात येतो. रुंद पानांच्या वनस्पतींच्या हरितलवकात हाच विकर वेगळ्या घडणीचा असतो, त्यामुळे त्यांना काही होत नाही. पण गव्हाचा विकर तर रायग्राससारखाच आहे. मग गहू का वाचतो?

गहू वाचतो कारण तो त्या आम्लाची पचनी पाडून वाट लावतो. रेणूच्या कड्यावर तो एक बदल घडवून आणतो, वर साखर जोडतो आणि रेणू कायमचा निकामी होतो. जंगली ओटही हातपाय हलवतो, पण अर्धवट. तो त्या आम्लाला नुसती साखर चिकटवून बाजूला ठेवतो. ही जोडणी उलटी फिरू शकते. साखर सुटली की विष पुन्हा हजर. एका रोपाने उधारी फेडली, दुसऱ्याने पुढे ढकलली, एवढाच काय तो फरक. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी हे उलगडलं तेव्हाच एक गोष्ट कुणाच्याही लक्षात यायला हवी होती: ज्या निवडकपणाची आपण जाहिरात करतो तो औषधात नाहीच, तो गव्हाच्या पोटात आहे. आणि जे एका गवताला जमतं ते त्याच्या चुलत भावाला कधीतरी जमणारच.

जमलं. फार वाटही पाहावी लागली नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रायग्रासचा एक समूह डायक्लोफॉपला जुमानत नाही, अशी नोंद १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध बाजारात येऊन जेमतेम काही हंगाम झाले होते. पुढची गोष्ट याहून वाईट. १९८६ मध्ये त्याच संशोधकांनी दाखवलं की अशा रायग्रासवर क्लोरसल्फ्युरॉनही चालत नाही. क्लोरसल्फ्युरॉन पूर्णपणे वेगळ्या कुळातलं, वेगळ्या ठिकाणी घाव घालणारं औषध. आणि त्या रायग्रासने ते औषध कधी पाहिलेलंही नव्हतं! गव्हासारखीच पचवण्याची ताकद एकदा अंगी आली की ती कोणाकोणाला पचवेल याचा नेम नसतो. म्हणजे डायक्लोफॉप स्वतः तर निकामी झालंच, शिवाय न आलेल्या पाहुण्याचं ताटही उष्टं करून गेलं.

इथे ऑस्ट्रेलियाची एक गंमत सांगायला हवी. हे रायग्रास तिथलं मूळचं नाही. मेंढ्यांना चारा म्हणून ते मुद्दाम आणून, लाखो हेक्टरांवर पेरून वाढवलं होतं. मेंढ्यांसाठी ते पीक होतं, गव्हात मात्र तण. १९९१ मध्ये लोकरीचा हमीभाव कोसळला, शेतकरी मेंढ्या सोडून वर्षामागून वर्ष धान्य घेऊ लागले आणि तेच गवत सगळीकडे तण ठरलं. प्रत्येक चौरस मीटरमध्ये त्याचं बी खच्चून भरलेलं, परागीभवन परस्परांत होणारं, म्हणून प्रत्येक रोप थोडं वेगळं. इतक्या मोठ्या संख्येत, इतक्या विविधतेत, एकाच औषधाची चाळणी दरवर्षी लावली तर चाळणीतून निसटणारं बी सापडणार नाही तर काय?

चाळणी हा शब्द मी विचार करून वापरला. तणनाशकाने तण ‘शिकतं’ किंवा ‘सवय लावून घेतं’ असं सर्रास लिहिलं जातं. मीही वर ‘जमलं’ म्हटलं, बोलताना ते येतंच. पण रोप काही शिकत नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. युरोपात गव्हाला छळणारं ब्लॅकग्रास नावाचं गवत आहे. त्याचे जुन्या वनस्पती-संग्रहांत कागदावर चिकटवून ठेवलेले शेकडो नमुने त्यांनी घेतले आणि त्यांचा डीएनए तपासला. डायक्लोफॉपच्या कुळातल्या औषधांना निकामी करणारा, आज शेतोशेती सापडणारा एक ठरावीक बदल त्यांना एका नमुन्यात मिळाला. तो नमुना १८८८ साली गोळा केलेला होता. औषध जन्माला येण्याच्या सुमारे नव्वद वर्षं आधी त्याचं उत्तर कुठल्याशा शेताच्या बांधावर उभं होतं आणि कुणीतरी ते उपटून, दाबून, वाळवून कागदावर लावून ठेवलं होतं.

या नमुन्याचा अर्थ माझ्या दृष्टीने असा: तणाची दुबळी बाजू ही एक मर्यादित ठेव आहे. ती कंपनीने निर्माण केलेली नाही. कंपनीने ती शोधली आणि त्याबद्दल पेटंटच्या रूपाने मोबदला घेतला, त्याला हरकत नाही. पण ठेव सगळ्यांची होती, शेजारच्या शेतकऱ्याची आणि पुढच्या पिढीतल्याचीही. पेटंटची मुदत वीस वर्षांची. विक्रेत्याचं हित त्या वीस वर्षांत शक्य तितकं विकण्यात आहे. रायग्रासमधला प्रतिकार मात्र पेटंट संपल्यावर परत जात नाही. तळं एकाने उपसायचं आणि कोरडं पडलं की ‘तळी आता कालबाह्य झाली’ म्हणायचं, असा हा प्रकार.

नवं औषध येईलच की, असं उत्तर मिळतं. आलीच होती की! डायक्लोफॉपनंतर फ्लुअ‍ॅझिफॉप, हॅलोक्सिफॉप, फेनोक्साप्रॉप, क्लोडिनाफॉप अशी रांग लागली. मात्रा झपाट्याने खाली आली. डायक्लोफॉप हेक्टरी अर्धा ते एक किलो सक्रिय घटक लागायचं, क्लोडिनाफॉपला ६० ग्रॅम पुरतात. कागदावर केवढी प्रगती. पण नावांची शेपटी पाहिलीत तर सगळी ‘फॉप’ किंवा ‘प्रॉप’. कुलूप तेच, किल्ल्या जरा नाजूक घडवलेल्या. सेथॉक्सिडिम, क्लेथोडिम ही दुसऱ्या कुळातली औषधंसुद्धा त्याच विकरावर बसतात. ज्या शेतकऱ्याने डायक्लोफॉप ‘जुनं झालं’ म्हणून त्याच कुळातलं नवं घेतलं त्याला आपण औषध बदलल्यासारखं वाटलं. जुनं का गेलं हे त्याला कुणी सांगितलं असतं, ‘या कुलपाशीच तुमच्या गवताने फारकत घेतली आहे’ असं, तर त्याने तेच पैसे वेगळ्या जागी लावले असते. कारण सांगायचं ते एवढ्यासाठी.

दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं सोपं असतं. कमी मात्रा वापरली, वेळेवर मारलं नाही, डायक्लोफॉपमध्ये २,४-डी मिसळलं. यातलं शेवटचं खरंच घडत असे. एका फेरीत दोन्ही प्रकारची तणं मरावीत म्हणून दोन औषधं एकाच टाकीत घालायचा मोह होतो, आणि २,४-डी सोबत असलं की डायक्लोफॉपची गवतावरची धार बोथट होते. कमी मात्रेचा मुद्दाही खोटा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की मुद्दाम कमी मात्रेत डायक्लोफॉप मारून वाचलेल्या रायग्रासचं बी पुढे नेलं तर तीन पिढ्यांत समूहच्या समूह प्रतिकारक होतो. पण पूर्ण मात्रा म्हणजे रामबाण उपाय असंही नाही. पूर्ण मात्रेत पचवणारी रोपं मरतात, तर १८८८ च्या त्या नमुन्यासारखी कुलूपच बदललेली रोपं मागे उरतात. दोन्हीकडून कोंडी. एकच औषध वर्षामागून वर्ष वापरलं की शेवट ठरलेला असतो, मात्रेने फक्त वाट बदलते. आणि एकच औषध वापरा असं शेतकऱ्याला कुणी प्रत्यक्ष सांगत नसलं तरी बाजाराची सगळी रचना त्याला तेच सांगत असते.

एकच औषध दोन ठिकाणी दोन वेगळ्या कारणांनी जाऊ शकतं, हेही या शब्दाखाली दडतं. आयसोप्रोट्युरॉन घ्या. भारताच्या वायव्येकडे भात-गहू घेणाऱ्या पट्ट्यात मंडूसी किंवा गुल्ली-डंडा नावाचं गवत गव्हात माजतं. लहानपणी ते हुबेहूब गव्हासारखं दिसतं. बुडाशी असलेली लालसर झाक पाहून ओळखायचं, तेही डोळा तयार असेल तर. त्यामुळे निंदणी करणाऱ्याचीही फसगत होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आयसोप्रोट्युरॉनने त्याला आवरलं. एवढं स्वस्त आणि सोपं औषध सोडून दुसरं कोण घेणार? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात ते चालेनासं झालं. काही शेतं इतकी भरली की उभा गहू हिरवाच कापून जनावरांपुढे टाकावा लागला. तिथे आयसोप्रोट्युरॉन गेलं ते गवताने हरवलं म्हणून. युरोपीय संघाने २०१६ मध्ये त्याची मंजुरी पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला तो वेगळ्याच कारणांनी, त्यात भूजलात उतरणाऱ्या अवशेषांची चिंता होती. आता सांगा, हे औषध ‘कालबाह्य’ आहे या वाक्याचा अर्थ काय? हरियाणातल्या विहिरीच्या पाण्याबद्दल ते काही सांगत नाही आणि युरोपातल्या गवताच्या प्रतिकाराबद्दलही काही सांगत नाही. दोघांनाही एकमेकांच्या अनुभवाची गरज होती.

तिसरा दरवाजा हिशेबाचा, आणि सर्वांत जास्त गर्दी तिथेच आहे. युरोपीय संघाने १९९३ पूर्वी बाजारात असलेल्या सुमारे १,००० सक्रिय घटकांची नव्याने छाननी केली. २००९ मध्ये ती संपली तेव्हा साधारण २५० घटक पास झाले. सुमारे ७० सुरक्षिततेच्या कसोटीवर नापास झाले. उरलेले, म्हणजे ६७ टक्के, परीक्षेला बसलेच नाहीत. कागदपत्रं आली नाहीत, अपुरी आली किंवा कंपन्यांनी मागे घेतली. यातले नापास होणार हे आतून ठाऊक असल्याने घरी बसलेले किती आणि फी परवडत नाही म्हणून घरी बसलेले किती? एखाद्या जुन्या, पेटंट संपलेल्या औषधासाठी नव्या चाचण्यांचा खर्च कुणी करायचा, जेव्हा फायदा सगळ्याच उत्पादकांना वाटून जाणार? म्हणून कुणीच करत नाही. यात मी कंपन्यांना खलनायक ठरवत नाही. एक नवा सक्रिय घटक बाजारात आणायला २०१० ते २०१४ या काळात सरासरी २८.६ कोटी डॉलर आणि अकरा वर्षं लागत होती, असा उद्योगाचाच हिशेब आहे. असा खर्च करणारा माणूस जुन्या औषधाच्या फाईलवर पैसा घालणार नाही हे उघड आहे. पण ‘आम्हाला परवडत नाही’ हे वाक्य लिहून देण्यात कसली अडचण? आणि ‘आमच्या चाचण्यांत काळजी वाटावी असं काही दिसलं होतं’ हे वाक्य दडवण्यात कुणाचं हित?

हे दडवलेलं वाक्य किती महाग पडू शकतं याचं उदाहरण नायट्रोफेन. भात आणि भाजीपाल्यात उगवणाऱ्या गवतांसाठी आणि इतर तणांसाठी साठच्या दशकात आलेलं निवडक तणनाशक. त्याने प्राण्यांच्या गर्भात जन्मजात विकृती होतात असं दिसलं. इतक्या खात्रीने होतात की पुढे वैद्यकीय संशोधकांनी श्वासपटलाचा जन्मजात दोष प्रयोगशाळेत उंदरांत घडवण्यासाठी याच औषधाचा वापर सुरू केला. पश्चिम जर्मनीने ते १९८० च्या सुमारास थांबवलं. पूर्व जर्मनीत मात्र ते एकीकरणापर्यंत चालू राहिलं. मग झालं कालबाह्य, विषय संपला.

२००२ मध्ये जर्मनीत सेंद्रिय कोंबड्या आणि अंड्यांत नायट्रोफेन सापडलं. सेंद्रिय! ज्या शेतकऱ्यांनी तणनाशकाचा थेंबही वापरला नव्हता त्यांच्या मालात. शोध घेत गेल्यावर माग मालखिन या गावातल्या एका गोदामाशी पोचला. पूर्व जर्मनीच्या काळात तिथे कीडनाशकं साठवली जायची. एकीकरणानंतर मालक बदलला, वापर बदलला, आणि त्याच फरशीवर सेंद्रिय गहू ओतला गेला. औषध बाजारातून जाऊन बारा वर्षं झाली होती, भिंतींतून आणि जमिनीतून ते गेलं नव्हतं. त्या इमारतीच्या कागदांवर ‘इथे काय होतं आणि ते का बंद झालं’ ही एक ओळ नव्या वापराच्या वेळी कुणाच्या डोळ्यांपुढे असती, तर तिथे धान्य ठेवायचं धाडस कुणी केलं नसतं.

अन्न व कृषी संघटनेच्या भाषेत ‘कालबाह्य कीडनाशकं’ याचा अर्थच वेगळा आहे. तिथे हा शब्द पडून राहिलेल्या, गळक्या पिंपांना आणि फुटक्या पोत्यांना लावतात. जगभरात असा साठा सुमारे पाच लाख टन असेल असा त्यांचा अंदाज होता. दुकानदाराच्या लेखी औषध संपतं तेव्हा गोदामाच्या लेखी ते सुरू होतं. प्रयोगशाळेचंही तेच. अवशेष तपासणारं यंत्र ठरवून दिलेल्या यादीतली नावं शोधतं. एखादं नाव ‘आता वापरात नाही’ म्हणून यादीतून काढलं की ते नमुन्यात असलं तरी दिसत नाही. पैसे वाचवण्यासाठी यादी छाटायची असेल तर कोणतं नाव ठेवायचं आणि कोणतं काढायचं? गवताने हरवलेलं औषध खुशाल काढा. गर्भाला घातक म्हणून बंद झालेलं काढू नका. हा निवाडा करायला पुन्हा तेच लागतं, कारण.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप सगळीच तणनाशकं नकोत म्हणणाऱ्यांचा. त्यांना वाटतं, गेलं ते बरं झालं, मेलेल्याचा पंचनामा कशाला? त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण मालखिनच्या गोदामाची झळ बसली ती त्यांच्याच बाजूच्या माणसांना. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कारण लिहून देणं सक्तीचं केलं तर कंपन्या वकिलांना बसवून अशी गुळमुळीत वाक्यं लिहून देतील की त्यांचा उपयोग शून्य. ‘व्यावसायिक कारणास्तव’ हे दोन शब्द सगळ्यांच्या फाईलवर उमटतील. हे होईल, यात मला शंका नाही. म्हणूनच कारण विक्रेत्याने लिहून भागणार नाही. नोंदणी देणाऱ्या यंत्रणेकडे चाचण्यांच्या फायली असतात, कृषी विद्यापीठांकडे शेतातल्या प्रतिकाराच्या नोंदी असतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवून, विक्रेत्याचं म्हणणं तिसऱ्या बाजूला मांडून, पानभर मजकूर लिहिणं अशक्य नाही. प्रतिकाराच्या नोंदींचं जगभरातलं एकत्रित दप्तर १९९० च्या दशकापासून चालू आहे. गंमत म्हणजे ते चालवणारे इयान हीप हेच १९८२ च्या त्या रायग्रासच्या नोंदीमागचे एक संशोधक. आज त्या दप्तरात ५०० हून अधिक प्रकरणं आहेत. एका माणसाच्या चिकाटीने जे उभं राहतं ते सरकारी यंत्रणांना झेपू नये, हे पटत नाही.

डायक्लोफॉपचं असं पान लिहायचं तर त्यात काय येईल? रायग्रासचा प्रतिकार पहिल्या ओळीत. माशांना ते अतिशय विषारी होतं आणि अमेरिकेत ते परवानाधारक फवारणाऱ्यांपुरतं मर्यादित होतं, हे दुसऱ्या ओळीत. त्याच कुळातली कमी मात्रेची औषधं आल्यावर त्यात कुणाला रस उरला नाही, हे तिसऱ्या. तिन्ही कारणं एकाच वेळी खरी, पण तिन्हींचं वजन प्रदेशागणिक निराळं. असं पान वाचलेला शेतकरी ‘फॉप’ शेपटीचं दुसरं औषध घेताना थबकला असता. ऑस्ट्रेलियाने निदान एक पाऊल टाकलं. तिथे तणनाशकाच्या लेबलवर ते कोणत्या गटातलं, म्हणजे कोणत्या कुलपावरचं, हे नव्वदच्या दशकापासून ठळक अक्षरात छापतात. नाव काहीही असो, गटाची खूण तीच दिसली तर ते जुनंच औषध आहे हे अडाण्यालाही कळतं. एवढी ठेच लागल्यावर आलेलं शहाणपण ते, पण आलं.

तिथेच आणखी एक गोष्ट घडली आहे. १९८० च्या दशकात शेल कंपनीने सिनमेथिलिन नावाचं गवतांवरचं तणनाशक शोधलं होतं. आशियात भातासाठी ते विकलं गेलं, फारसं चाललं नाही आणि विस्मरणात गेलं. ते नेमकं कुठे घाव घालतं हेही कुणाला नीट माहीत नव्हतं. ते कळलं २०१८ मध्ये. डायक्लोफॉप स्निग्धाम्लं तयार होण्याची पहिली पायरी अडवतं, तर सिनमेथिलिन तयार झालेली स्निग्धाम्लं हरितलवकातून बाहेर पडण्याचा रस्ता अडवतं. कुलूप नवं, म्हणजे रायग्रासने अजून न ओळखलेलं. बीएएसएफ या जर्मन कंपनीने ते पुन्हा बाहेर काढलं आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात गव्हासाठी विकायला सुरुवात केली, गव्हाला छळणाऱ्या त्याच रायग्राससाठी. कालबाह्य औषध चाळीस वर्षांनी सर्वांत नवं ठरलं. लेबलवर गटाची खूण छापलेली आहे, मात्रा आहे, पेरणीआधी फवारून पेरणीबरोबर मातीत मिसळायची सूचना आहे. पहिल्या खेपेला ते का गेलं होतं, ते मात्र तिथे कुठे लिहिलेलं नाही.